उलटं पाणी पाहिलेली जिजाबाई

आधीच सांगून ठेवते, माझ्या मायला कोणी खोटारडी म्हटलेलं मला चालत नाही. लहान होते तेव्हा मी चावायची. आता वय झालं, तर नुसती भांडते.

माझी माय जिजाबाई १९६३ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या व्हेनिस नावाच्या गावी अडीच महिने राहून आली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पासपोर्टावर सहीच्या जागी तिचा अंगठा आहे. आमच्या बालाघाटात त्या काळी वकिलांच्या आणि शेठांच्या घरात नागपूरला जाऊन आलेला माणूस आठ दिवस मिरवायचा. आणि आमच्या वार्डातली ही नऊवारी नेसणारी बाई समुद्र ओलांडून आली, पण तिचं कौतुक कुणी केलं नाही. कौतुक जाऊ द्या, लोक हसले. का हसले, तेच सांगायला बसलेय.

माझा बाप तेजराम मँगनीजच्या खाणीत कामाला होता. खाणीवर नवी यंत्रं बसवायला एक इटालियन साहेब आला, मारिओ साहेब. त्याच्यासोबत मेमसाब आणि सहा महिन्यांची पोर. बाकीच्या बंगल्यांत आमच्या लोकांना अंगणापर्यंतच सोडत. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, घरातले जुने देव गेले, पण बंगल्यांचे उंबरठे काही हलले नाहीत. या मेमसाबला त्यातलं काही ठाऊकच नव्हतं. ती म्हणाली, "अंदर आओ," आणि माय सरळ तिच्या स्वयंपाकघरात गेली. तासाभरानं ती पोर मायच्या कडेवर होती, ती पुढची चार वर्षं तिथंच.

पोरीचं खरं नाव लांबलचक होतं. तिच्या घरात तिला निना म्हणत, आम्ही निनी म्हणायचो. केस भुरे, गाल लालबुंद, आणि तोंड उघडलं की आमची बोली. तिची आई तिच्याशी तिच्या भाषेत बोले, आणि ही मायकडे वळून विचारे, "जिजी, हे काय म्हणून राह्यली?" वरण-भात कालवून मायनं भरवला तरच जेवायची. माय रोज तिच्या गालाला काजळाची तीट लावायची. देव गेले तरी तीट राहिली होती.

खरं सांगू? मला ती पोर डोळ्यांपुढं नको व्हायची. मी तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. माझ्या मायच्या कडेवर ती आणि मी पदर धरून मागे. मी तिला चिमटे काढलेत. ती रडायची आणि माय मला रागवायची.

मग त्या वर्षी साहेबाला लांब रजा मिळाली. मेमसाबची आई व्हेनिसला होती, तिनं नातीला तान्ही असतानाच काय ते पाहिलं होतं. पण निनी जिजीशिवाय जहाजावर चढेना. बाप म्हणाला, "जाय तू. लेकरू तुह्याबिगर जेवत नाई." मी म्हटलं, मीबी जेवत नाई! आणि दोन दिवस जेवलेच नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या आजीनं, चंपाबाईनं, लाखोळीच्या डाळीचे वडे तळले आणि मी हरले. माय छोट्या लाइनीच्या गाडीनं गोंदियाला गेली, तिथून मुंबई, मुंबईहून जहाज. गाडी सुटताना तिनं खिडकीतून माझ्याकडे हात केला, पण दुसरा हात निनीच्या पाठीवर होता. ते मी विसरले नाही.

व्हेनिसचं वर्णन मायच्याच तोंडून ऐका. "पान्यात घरं उभी हायेत व बाई. रस्ता म्हून नाईच. गल्ल्या अन् पूल, गल्ल्या अन् पूल. बैलगाडी नाई, सायकल नाई. जिकडं जाच तिकडं डोंगा. अन् गर्दी? वारासिवनीच्या बजाराच्या दिवशीबी येवढी नाई रायत. सबन पाहुणेच. गावचा मानूस कोनता अन् पाहुना कोनता, समजतच नाई."

साहेब आणि मेमसाब गळ्यात कॅमेरा घालून पुढे, मागे माय, तिच्या कडेवर निनी, खांद्यावर पिशवी. असा त्यांचा सुटीचा दिवस. कधी कबुतरांचं मैदान, कधी काच फुगवणारे कारागीर, कधी मोठ्ठं देऊळ. आमच्याकडे त्यातला एक फोटो आहे. फोटोत साहेब आहे, मेमसाब आहे, निनी आहे, आणि एका कडेला एक कोपर आणि लुगड्याचा काठ. तो काठ म्हणजे माझी माय. मात्र रस्त्यातले पाहुणे तिचे फोटो हौसेनं काढायचे. कुठल्या कुठल्या देशांतल्या घरांत माझ्या मायचा अख्खा फोटो असेल, आमच्या घरात तेवढा नाही.

त्या घरची म्हातारी, मेमसाबची आई, मात्र पहिल्या दिवसापासून मायवर डोळा ठेवून होती. काळे कपडे, ताठ मान. नात आली, नातीनं उकिडवं बसून हातानं भात खाल्ला आणि आजीकडे बोट करून म्हणाली, "हे बुढी कोन होय?" म्हातारीला अर्थ नाही कळला, पण तिनं कपाळाला हात लावला. माय रोज सकाळी निनीला तीट लावायची आणि म्हातारी रोज ती ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. दोघी एकमेकींना एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त लावणं आणि पुसणं.

पंधरा दिवसांनी मेमसाब मायजवळ आली आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "जिजा, मम्मा बोलता, निना इधर रहेगा. उधर गर्मी, मलेरिया, जंगल. मैं बोला, नहीं, जिजा अच्छा संभालता. जिजा, मम्मा देखता है. तुम ठीक से संभालो."

बस, त्या दिवसापासून मायच्या जिवाला घोर लागला. पोर आपल्यासोबत परत येणार की नाही, हे आता तिच्या हातात होतं. असं तिला वाटलं तरी. तिनं निनीच्या हातात चमचा दिला. बूट घालायला लावले. आमच्या बोलीत बोलली की तोंडावर बोट ठेवायची. ऑगस्टच्या बारा तारखेचं जहाज होतं. माय रोज बोटांवर दिवस मोजायची. माझ्यासाठीही मोजत होती, असं ती मला सांगायची. मी कधी विश्वास ठेवला, कधी नाही.

जुलैच्या तिसऱ्या रविवारी त्यांचा कसला तरी सण होता. पाण्यावर होड्या जोडून पूल केलेला आणि त्यावर मुंग्यांसारखी माणसं. सकाळीच सगळे निघाले. म्हातारी घरीच राहिली. परत येताना एका अरुंद गल्लीत निनी म्हणाली, "जिजी, मुतू लागली." माय काय करणार? साहेबाला हाका मारल्या, ऐकू गेल्या नाहीत. तिनं पोरीला बाजूच्या बोळात नेलं, बसवलं, चड्डी वर केली, बाहेर आली. तर गल्लीत शेकडो माणसं, आणि त्यात साहेब नाही, मेमसाब नाही.

माय घाबरली नाही. हे ऐका नीट. माझी माय घाबरली नाही, कारण तिला रस्ता काढायचं ठाऊक होतं. तिचा बाप, माझा आजोबा महागू, लांजीकडच्या जंगलात बांबू तोडायला जायचा. त्यानं लेकीला शिकवलं होतं, जंगलात चुकली तर भटकू नको, नाला धर. काडी टाकून पाहा, धार कुठं जाते, आणि धारेनं चालत राहा. लहान नाला मोठ्या नाल्याले भेटते, मोठा नाला नदीले भेटते, नदीवर गाव असतेच. माय लहानपणी दोनदा चुकली होती आणि दोनदा नाल्यानं घरी आली होती. आणि म्हातारीचं घर तर त्या गावातल्या सगळ्यात मोठ्या पाण्याच्या काठावरच होतं. मग काय! लहान पाणी धरायचं, ते मोठ्या पाण्याला नेणारच.

निनीच्या डोक्यावर गवताची टोपी होती. मायनं टोपीच्या कडेचं गवत उपसलं आणि पाण्यात टाकलं. गवत डावीकडे गेलं. माय डावीकडे चालू लागली. पाण्याला सगळीकडे काठ नव्हता. कुठं घराची भिंतच पाण्यात, मग गल्लीतून वळसा घ्यायचा, पुढच्या पुलावर जायचं, पुन्हा गवत टाकायचं. निनीला मजा वाटली. "जिजी, मी टाकतो! मी टाकतो!" असं करत दहा-बारा पूल झाले. पाणी रुंद होत चाललं होतं. माय म्हणायची, "माह्या जीवात जीव आलता. आता दिसनच घर."

मग एका पुलावर निनीनं गवत टाकलं आणि ते हललंच नाही. तिथंच फिरत राहिलं. माय थांबून पाहत राहिली. थोड्या वेळानं गवत सरकलं, आणि ज्या बाजूनं या दोघी आल्या होत्या त्याच बाजूला निघालं.

"जिजी," निनी म्हणाली, "पानी वापस काहून जाऊन राह्यलं?"

मायनं आयुष्यात पाणी वापस जाताना पाहिलं नव्हतं. आमच्याकडे कोणी पाहिलंय? वैनगंगेला पूर येतो, वैनगंगा आटते, पण ती फिरून माघारी जात नाही. तिला वाटलं, आपणच कुठंतरी वळणात गफलत केली, भलताच नाला धरला. ती मागे फिरली. पुन्हा धारेनं. पुन्हा पूल, पुन्हा गवत. दगडी तोंडातून पाणी पडणारा एक नळ होता, तो लागला. तासाभरापूर्वीही तोच लागला होता. ऊन डोक्यावर आलं. गर्दी अंगावर येत होती. टोपीची अर्धी कड संपली. निनीला तहान लागली, ती नळाचं पाणी प्यायली, मग भूक लागली, मग ती रडायला लागली. माय तिला कडेवर घेऊन चालत राहिली. साडेचार वर्षांची जड पोर. "कोनाले विचारू?" माय मला म्हणायची, "कोनत्या बोलीत विचारू? म्हातारीचं नावबी मले घेता येत नोतं."

आणि रडणारी गोरी पोर, तिला घट्ट धरून चाललेली सावळी बाई. लोकांनी काय समजायचं ते समजलं. दोन बायांनी वाट अडवली. एकीनं निनीचा हात धरून ओढला. शिपाई आला. निनी त्या शिपायावर किंचाळली, "सोड माह्या जिजीले! सोड, हलकट!" तो बिचारा काय समजणार. पोरीला तिच्या आईच्या भाषेत आपलं नाव-गाव सांगता येईना. आपल्याच गावात ती पोर परकी होती. त्यांनी मायला त्या नळासमोरच्याच चौकीत एका खोलीत बसवलं आणि निनीला दुसरीत. भिंतीपलीकडून निनी जिजी-जिजी करत होती आणि माय दारावर हात मारत होती. कुणी दार उघडलं नाही.

दुपारी कधीतरी साहेब-मेमसाब आले. मागून म्हातारी. म्हातारीनं निनीला उचललं आणि एकदाही मायकडे पाहिलं नाही. साहेबानं विचारलं, "जिजा, इतना टाइम किधर गया? घर तो इधर ही है, दो पुल."

मायनं सांगितलं. काडीचं, धारेचं, बापाचं, सगळं. पाणी उलटं गेलं तेही सांगितलं. साहेब ऐकत राहिला आणि मग हसला. तिथल्या लोकांना त्यानं त्यांच्या भाषेत सांगितलं, तेही हसले. शिपाई तर टेबलावर हात आपटून हसला. "जिजा," साहेब म्हणाला, "ये बालाघाट का जंगल नहीं है." मेमसाब हसली नाही. ती भिंतीकडे बघत राहिली, आणि माय समजून चुकली.

त्या दिवसापासून निनी म्हातारीच्या खोलीत झोपू लागली. दाराला आतून कडी. निनी दाराशी येऊन रडायची, मग कमी रडायला लागली. माय भांडी घासायची, कपडे धुवायची आणि ऐकायची. पोर राहणार हे तिला कुणी सांगितलं नाही, बारा तारखेच्या आदल्या दिवशी पेट्या भरताना निनीचे कपडे पेटीत ठेवायचे नाहीत, एवढंच सांगितलं.

निघायच्या सकाळी म्हातारी निनीला मिठाई घ्यायला घेऊन जाणार होती, रडारड नको म्हणून. मायनं जाताना तिचे बूट चढवायला म्हणून तिला खुर्चीवर बसवलं. मोजे घालायच्या आधी तळपायाला काजळाची तीट लावली. तिथं म्हातारीची नजर जाणार नव्हती. निनीला गुदगुल्या झाल्या, ती हसली. तेवढंच. मग बूट घातले, बंद बांधले, आणि पोर गेली.

मी स्टेशनवर गेले होते बापासोबत. माय उतरली. मेमसाब उतरली. मी डब्यात वाकून पाहिलं, निनी नव्हती. मला इतका आनंद झाला की मी उड्या मारल्या. लपवून काय करू? मी अडीच महिने रोज हेच मागितलं होतं, ती पोट्टी वापस नको येऊ दे. आणि माझं ऐकलं गेलं. मायनं मला उचलून छातीशी धरलं आणि तिथंच फलाटावर मोठ्यानं रडली. मला वाटलं, माझ्यासाठी रडतेय.

ती पुढं वर्षभर त्या बंगल्यात कामाला जात राहिली. मेमसाब आणि ती, दोघी स्वयंपाकघरात, आणि लेकरू नाही. एकदा पत्र आलं, मेमसाब म्हणाली, "निना अब हमारा भाषा बोलता. तुम्हारा भूल गया." माय म्हणाली, "अच्छा हुआ, मेमसाब." घरी आली आणि त्या दिवशी तिनं दोनदा मला निनी म्हणून हाक मारली. मी तिच्या हाताला चावले. तिनं मला रागवलंही नाही. मग साहेबाचं काम संपलं, बंगला रिकामा झाला, ते गेले.

वार्डातल्या बाया विचारायच्या, काय पाहिलं जिजे परदेशात? माय एकच सांगायची, पानी उलटं गेलं. की झालं, सगळ्यांचं हसू. आमची आजीच म्हणायची, "काय व जिजे, नदी कधी उलटी वाह्यते काय? चक्कर आली असन तुले." हळूहळू माय सांगायची बंद झाली. मग तिलाच वाटायला लागलं, मीच चुकली असेन, उन्हात मलाच भ्रम झाला असेल, माझ्या हातानं लेकरू गेलं. वैनगंगेवर कपडे धुवायला गेलो की ती एक काडी पाण्यात टाकायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघायची. दरवेळी. मी ओरडायची, "माय, चाल ना, काय पाहून राह्यली?" ती म्हणायची, "काही नाई."

मी सहावीत होते. आमचा जिल्हा हिंदी राज्यात, म्हणून शाळा हिंदी, भूगोलाचं पुस्तक हिंदी. गुरुजींनी धडा काढला, ज्वार-भाटा. समुद्राचं पाणी रोज दोनदा चढतं, दोनदा उतरतं. चढताना ते खाड्यांत, नाल्यांत आत घुसतं आणि धार उलटी वाहते. मी बाकावरून उठून उभी राहिले. गुरुजी म्हणाले, "अंजना, बैठो." मी दप्तर तिथंच टाकून धावत घरी गेले.

माय सुपात तांदूळ निवडत होती. मी धापा टाकत सांगितलं, "माय, पानी खरंच उलटं जाते! समुद्राच्या गावात रोज जाते. पुस्तकात हाय. तू बराबर होती व!"

तिचे हात थांबले. "पुस्तकात हाय?"

"हौ."

"मंग साहेबाले मालूम असन?"

"हौ ना. सबनले मालूम रायते तिथं."

"म्हातारीले?"

"ती तं तिथलीच."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता चिडेल, शिव्या देईल. मी तर दिल्या असत्या. सगळ्या गावाला ठाऊक आणि जिच्या कडेवर लेकरू दिलं तिलाच कुणी सांगितलं नाही! वर हसले! माझं डोकं फिरलं होतं. पण माय चिडली नाही. तिनं माझा हात धरला, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"मंग तू लिहून पाठव ना त्यायले," ती म्हणाली. "का जिजाबाईची चूक नोती म्हून. देतीन ना मंग निनीले वापस?"

निनी तेव्हा नऊ वर्षांची असेल.  ती वापस नको येऊ दे म्हणून मागणारी मीच होते.  मी वही घेतली आणि बसले. हिंदीत लिहिलं, कारण मला तेच लिहिता येत होतं. पाणी उलटं गेलं होतं, मायची चूक नव्हती, निनीला पाठवून द्या. पान फाडून घडी घातली आणि मायला विचारलं, पत्ता काय लिहू?

मायनं बोटांवर पूल मोजले.

"ल्ही," ती म्हणाली, "मोठ्या पान्याच्या काठचं घर. हिरवा दरवाजा. दगडी तोंडातून पानी पडते ना, त्या नळापासून दोन पूल."

मी तेच लिहिलं.